चिनी मिस्त्री आणि फणसाची पेटी

चिनी मिस्त्री कोणाकडे जेवायला बसला की आधी घरधन्याला घास घ्यायला लावायचा. तो घास पोटात गेल्याची खात्री झाल्यावरच स्वतः पानाला हात लावायचा. दासगावात याचा कोणाला राग आला नाही, कारण दासगावाचाही त्याच्यावर तेवढाच विश्वास होता.

मी त्या वेळी तिथल्या शाळेवर मास्तर होतो. मुंबईहून आलेल्या एका मचव्याच्या दुरुस्तीसाठी मिस्त्रीला बंदरावर आणले होते. मचवा परत गेला, हा राहिला. का राहिला हे तो सांगेना, तेव्हा खोतांनी पागोटे सारखे करत तो सरकारचा हेर असल्याचे जाहीर केले. सरकारला दासगावात हेरण्यासारखे काय सापडणार, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कोणी म्हणे तो साप खातो, कोणी म्हणे बेडूक. जात ठरेपर्यंत त्याला विहिरीवर पाणी वरून ओंजळीत मिळायचे. ती दहा वर्षांत ठरली नाही.

त्याला जागा दिली धाकू सुताराने, तीही संशयापोटीच. "डोळ्यांसमोर असला म्हंजे बरा. माझी गिऱ्हाइकं तरी पळवायचा नाय."

दोघे एकाच पडवीत काम करत. धाकू गेरूत भिजवलेल्या दोरीने फळीवर रेघ मारी, मिस्त्री काळ्या शाईतल्या दोरीने. एकाने मारलेली रेघ दुसरा पुन्हा मोजून बघे. एकदा धाकूची रेघ जवभर चुकली. मिस्त्रीने काही न बोलता फळी उलटी करून दिली. "मास्तर, ह्यो मानूस वाईट नाय," धाकू मला म्हणाला. "बोलून दाखवलं असतं तर वाईट." मिस्त्री मराठी त्याच्याकडूनच शिकला, त्यामुळे खोतांनाही "काय रं, बरा हायस ना?" असेच विचारायचा. खोतांच्या मते हीसुद्धा हेरगिरीच होती.

धाकू साठीला आला त्या वर्षी मिस्त्री महिनाभर गोणपाटाआड काहीतरी करत बसला होता. आत बंदुका असाव्यात, असे गावाने ठरवले. मग एका सकाळी त्याने गोणपाट काढले. फणसाच्या लाकडाची, पुरुषभर लांबीची, घासून चकचकीत केलेली पेटी होती.

"धाकूदादा, ही तुला," तो हसत म्हणाला. "मेलास की हिच्यात निजायचं."

धाकूच्या बायकोने, सरूवहिनींनी, हंबरडा फोडला. मिस्त्री गोंधळून गेला. त्याच्या मुलखात मुलगा बापाला जिवंतपणीच अशी पेटी करून देतो. ती घरात असली की म्हातारा निर्धास्त होतो, त्याचे आयुष्य वाढते. हे त्याने मला सांगितले, मी गावकीला सांगितले, आणि गावकीने माझ्याकडेही संशयाने पाहिले. करणी केली, असा निकाल झाला. आजच्या आज गाव सोड, असा खोतांनी हुकूम दिला.

"जाऊ कुठं?" मिस्त्री म्हणाला. गावाचे टपाल माझ्याच हातून वाटले जाई. दहा वर्षांत त्याच्या नावाचे एकही पत्र आले नव्हते.

धाकू उठला, सगळ्यांदेखत पेटीत शिरला आणि हात पोटावर घेऊन आडवा झाला.

"अवो, उठा आधी!" सरूवहिनी किंचाळल्या.

"थांब गो," आतून आवाज आला. "माप बघतोय."

धाकू सावकाश उठून बसला. "काम सफाईचं हाय. मी मेलो तर हाकला याला खुशाल. तवर ह्यो कुठं जानार नाय."

ही अट खोतांना पटली. त्यात हुकूमही कायम राहत होता आणि तो बजावायची घाईही उरत नव्हती. त्यानंतर धाकू नुसता खोकला तरी मिस्त्री आल्याचा काढा घेऊन धावे. सरूवहिनींची खात्री पटावी म्हणून आधी स्वतः एक घोट पिऊन दाखवी.

तीन पावसाळे गाव त्या खोकल्यावर कान ठेवून होते. हिवतापाने गेला तो मिस्त्री. जाळायचा की पुरायचा, आणि कुठे, यावर गावकीत दुपारपर्यंत खल चालला. धाकू तिकडे फिरकलाच नाही. मी त्याच्या माळावरच्या जमिनीच्या तुकड्यात गेलो तेव्हा खड्डा खणून झाला होता आणि मिस्त्री पेटीत होता. धाकूच्या मापाची पेटी त्याला फार मोठी होत होती. धाकू दोन्ही बाजूंनी पेंढा दाबून भरत होता, काचसामान बांधावे तसा.

"मास्तर, जरा झाकण धरा," तो म्हणाला. "वाटेत हलायला नको."