मोगऱ्याने आटवलेलं दूध

“टायफॉइड आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि त्याच दमात, “बाळाला आजपासून अंगावर पाजायचं नाही.”

पहिल्या वाक्याचं मला फार काही वाटलं नाही. बारा दिवस ताप हटत नव्हता, म्हणजे काहीतरी निघणारच होतं. विडाल टेस्ट म्हणून रक्ताची तपासणी असते, तिच्यात हा मुदतीचा ताप कळतो. पण दुसरं वाक्य ऐकलं आणि मी खाटेवर उठून बसले. रंजी, माझी पहिली मुलगी, तेव्हा अडीच महिन्यांची होती. माझ्या दुधाशिवाय तिच्या तोंडात दुसरं काही गेलं नव्हतं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“औषध चालू आहे तोवर. क्लोरॅमफेनिकॉल देतोय. ते दुधात उतरतं आणि एवढ्या लहान बाळाच्या रक्ताला बाधू शकतं.” एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडं गेले. तेवढे दिवस दूध टिकवायचं कसं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी मठ्ठ, मीही विचारलं नाही. बायांनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं नक्की विचारा. दर दोन-तीन तासांनी हातानं दूध काढून टाकत राहिले असते तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला मागाहून कळलं.

मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा. उन्हाळाभर मोगरा. रंजीला मोठ्या जाऊबाईंजवळ ठेवलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी फुलबाजार उरकून टोपली घेऊन तशाच दवाखान्यात यायच्या. तिसऱ्या दिवशी माझं दूध तुंबलं. छाती दगडासारखी झाली, हात लावू देईना, त्यात अंगात ताप. मी लहान पोरीसारखी रडत होते. आत्याबाईंनी टोपलीत उरलेला मोगरा ओंजळीनं काढला, ओल्या फडक्यात घातला आणि माझ्या छातीवर करकचून बांधला.

“दोन दिवसांत उतार पडंल बघ,” त्या म्हणाल्या.

आमच्या फुलवाल्यांत, जिचं लेकरू दगावतं त्या बाईला दूध आटावं म्हणून असा मोगरा बांधतात. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण ठणका इतका होता की मी गप्प बसले. उतार पडला. चार दिवसांत दूध पार आटलं. शेजारच्या खाटांवरच्या बाया म्हणाल्या, सासू असावी तर अशी! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, तशी गत.

सोळा दिवसांनी घरी आले आणि रंजीला बघून तोंडचं पाणी पळालं. बाटलीनं म्हशीचं दूध, पाणी घालून, चालू होतं. दोनदा हगवण लागून गेली होती. मांडीची कातडी सुरकुतलेली, डोक्यावरची टाळू खोल गेलेली. तिनं मला ओळखलं नाही. छातीशी धरलं तर तोंड फिरवून बाटलीकडं बघून रडायला लागली. एक शेजारीण म्हणे, “पोरीची जात चिवट असती, पाण्यावरबी वाढंल.” तिला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा जुलाब. पुन्हा तोच दवाखाना, या वेळी मुलांचा वॉर्ड. डिहायड्रेशन झालं होतं, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलं होतं. काडीसारख्या हातात सलाईनची सुई. चार दिवस मी खाटेजवळून हलले नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी विचारलं, “बाटली उकळता का?”

“उकळतो की.”

“त्या रबरी बोंडाच्या आत बोट घालून बघा.”

घातलं. आत सगळं बुळबुळीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या म्हणाल्या, “बाटली आजच फेका. हगवणीचं कारण हेच आहे. आणि हिला तुमचं दूध पाहिजे. ह्यापुढची हगवण हिला झेपेल की नाही, मी सांगू शकत नाही.”

“अहो, पण माझं आटलंय.”

“आटलेलं परत येतं. त्याला रिलॅक्टेशन म्हणतात. बाळ चोखत राहिलं की अंगाला कळतं, दूध हवंय. मग ते हळूहळू तयार होतं.”

माझं तोंड फटकळ. मी विचारलंच, “तुम्हाला लेकरं किती?”

त्या हसल्या. “एकही नाही. पण माझ्या हाताखालून गेलेल्या आया पुष्कळ आहेत.”

त्यांनी सांगितलं ते असं. दर दोन तासांनी दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं छातीला लावायचं, थेंब येवो न येवो. पोरगी चोखेना तर वरून चमच्यानं उकळलेलं दूध छातीवर थेंब थेंब सोडायचं, म्हणजे तिला वाटेल इथूनच येतंय. पोट भरायला राहिलेलं दूध बोंडल्यानं, ती चोचीची वाटी असते ना, तिनं पाजायचं. रोज ओले लंगोट मोजायचे. दिवसाला सहाच्या खाली गेले तर लगेच यायचं.

ऐकायला सोपं आहे. करून बघा! पहिले तीन दिवस रंजी छातीजवळ नेली की धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि किंचाळायची. मी घामाघूम. आत्याबाई वरून चमचा धरायच्या, निम्मं दूध माझ्या लुगड्यावर. चौथ्या दिवशी तिनं चोखलं, चमच्याच्या दुधापुरतं. चमचा थांबला की तीही थांबायची. मला तर काहीच जाणवत नव्हतं. एकदा मी तिला जावेच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच आणि परसात जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

आठव्या दिवशी दवाखान्यात वजन केलं. दीडशे ग्रॅम उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावरची नजर माझ्याकडं वळवली.

“तुम्ही खाता काय?”

“मऊ भात, मुगाचं पाणी.”

“अजून? ताप जाऊन किती दिवस झाले! अंगात काही गेलं नाही तर दूध येईल कुठून? भाकरी खा, डाळ खा, आळीव खा. अजून आठ दिवस बघू. वजन आणखी उतरलं तर मला हिला भरती करावंच लागेल.”

घरी आले. आमची मधली खोली सगळ्यात गार, म्हणून तोडलेल्या मोगऱ्याच्या पाट्या ओली फडकी टाकून तिथंच ठेवायचे. मी आणि रंजीही तिथंच. रिकामी कशाला बसू म्हणून मीही मधल्या वेळात गजरे ओवायची, फुलं मांडीवर घेऊन. त्या दिवशी ओंजळ भरली आणि हात तिथंच थांबला. अगं बाई! ज्या मोगऱ्यानं दूध घालवलं त्याच्यातच बसून मी आठ दिवस दूध मागत होते!

मग माझं तोंड सुटलं. जाऊबाई होत्या, फुलं तोडायला येणाऱ्या दोन बाया होत्या, कुणाची भीड ठेवली नाही. “आत्याबाई, तुम्हीच माझं दूध मारलंत! लेकरू मेलेल्या बाईचा उपाय माझ्यावर केलात. आता लेकरूही घालवा, म्हणजे झालं!”

आत्याबाई उठल्या आणि एकेक पाटी उचलून गोठ्यात नेऊन ठेवायला लागल्या. पत्र्याचा गोठा, चैत्राचं ऊन. दुपारपर्यंत निम्मी फुलं तांबडी पडली. त्या दिवसापासून त्या गोठ्यातच बसून गजरे ओवायच्या. रंजीच्या वेळेला मात्र आंघोळ करून, लुगडं बदलून, ओल्या केसांनी आत यायच्या आणि चमचा धरायच्या. आमच्या दोघींत बोलणं नाही. मी बाजरीची भाकरी, आळिवाची खीर असं दाबून खात होते. चोखणं चालू, लंगोट मोजणं चालू. नऊ, आठ, सात. सात झाले त्या दिवशी मी पुन्हा पुन्हा मोजले.

मोगऱ्यानं भरलेल्या खोलीत बसल्यानं दूध अडतं का, हे मी पुढं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मोगरा बांधतात हे मीही ऐकलंय. खोलीतल्या वासाचं मला सांगता येणार नाही. तुम्ही त्याच दिवशी जेवायलाही लागलात ना!” तेव्हा कशानं काय झालं हे देवच जाणे. मी दोन्ही सांगते.

तेराव्या दिवशी दुपारी रंजीला घेतलं. आत्याबाई वाटी घेऊन बसत होत्या, चमचा अजून दुधात बुडवलाही नव्हता. छातीत बारीक सुया टोचल्यासारखं झालं. रंजी चोखता चोखता एकदम थांबली, डोळे मोठे केले, आणि घुटक्-घुटक् आवाज यायला लागला. तिला ठसका लागला, तोंड सुटलं, तर ओठाच्या कडेला पांढरं.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली, बोटानं ते पांढरं टिपलं आणि जिभेवर ठेवलं.

“म्हशीचं नाय हे,” त्या म्हणाल्या. “गोड हे.” आणि तिथंच भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

पुरतं दूध मला कधीच आलं नाही, हेही सांगून ठेवते. वर्षभर निम्मं माझं, निम्मं बोंडल्याचं. पण पुढच्या वजनाला दोनशे ग्रॅम वाढले, आणि हगवण पुन्हा लागली नाही. तुमचंही निम्मंच आलं तर हिरमुसू नका. निम्म्यावर माझी पोर जगली.

त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, त्यांना तसं सांगितलंही. आत्याबाईंना मात्र सांगितलं नाही. दोष चारचौघांत दिला, माफी अजून मागितलेली नाही. समोर बसले की जीभच उचलत नाही. त्यांना वाचता येत नाही. रंजी आता तिसरीत आहे, खडखडीत वाचते. एवढं लिहून झालं की तिलाच आजीपुढं बसवून पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला सांगणार आहे.