‘खोदा’ या गाण्याची कटकट

उमरग्यात खोली शोधायला लागले तेव्हा गाणं वगैरे काही डोक्यात नव्हतं. मी तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माकणीहून एसटीनं रोजचं जाणं-येणं करून कंबर धरली होती. उपाशीपोटी आलेले पेशंट बाकड्यावर ताटकळायचे आणि मी अजून बसमध्येच असायची. त्यातल्याच एक काकू साखर तपासायला यायच्या. एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुमचा हात लई हलका. सुई टोचल्याली कळत न्हाय. आमची वरची खोली रिकामी हाय, या की बघायला."

गेले. खोली हवेशीर होती, नळ आतच होता. काकूंनी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत चौकशी सुरू केली. आडनाव सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. त्यातून काहीच कळत नाही, आणि लोकांना तेच सोसत नाही. मग मूळ गाव कुठलं, तिथं घर कुठल्या अंगाला, कुलदैवत कोणतं. शेवटी मीच कंटाळून म्हणाले, "काकू, आम्ही बौद्ध आहोत."

"आमाला तसलं काय न्हाय हो," काकू लगेच म्हणाल्या. "पण माझा भाचा येणार हाय शिकायला. ध्यानातच न्हवतं बघा."

चहा मात्र दिला. पुढच्या वेळी तपासणीला आल्या तेव्हा बाही वर सारून माझ्यासमोरच बसल्या आणि म्हणाल्या, "हळू टोचा हं." मी हळूच टोचलं. दुसरं काय करणार?

अशी ही पहिली खोली नव्हती. पण ही खोली बघितली त्या दिवशी परतीच्या बसमध्ये डोकं भणभणत होतं आणि मोबाईलवर ओळी लिहिल्या गेल्या:

नाव सांगितलं, गाव सांगितलं,
काम सांगितलं, पगार बी सांगितला,
नावामागं आडनाव, आडनावामागं काय?
खोदा! पाणी लागंस्तवर खोदा!

कॉलेजात असताना मी गॅदरिंगला रॅप करायची. तेव्हापासूनचा माझा एक मित्र ढोकीला असतो. घरची उसाची शेती, आणि हा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसून गिटारवर मेटल, म्हणजे ते कर्कश इंग्रजी धाटणीचं संगीत, वाजवतो. घरात त्याच्या गिटारला बंदी आहे, कारण तिच्या आवाजानं म्हैस पान्हा चोरते असं त्याची आई म्हणते. मी ओळी पाठवल्या. तो म्हणाला, "चाल तयार हाय माझ्याकडं. पण आडनावावर कशाला? प्रेमावर कर की. समदे ऐकतील."

"तुला कुणी आडनाव विचारत नाही का?"

"विचारत्यात की," तो म्हणाला. "पण माझं ऐकून खुर्ची पुढं करत्यात."

त्यानंतर त्यानं प्रेमाचा विषय काढला नाही. आम्ही महिनाभर शेडमध्ये बसलो. त्याची गिटार बोअरच्या गाडीसारखी घरघरायची, त्यावर मी बोलत जायची आणि ‘खोदा’वर आले की पोटातून ओरडायची. पहिल्यांदा तसा आवाज निघाला तेव्हा मीच दचकले. शेजारच्या शेतातला माणूस कुणाला काय झालं म्हणून पळत आला होता.

रेकॉर्डिंगसाठी उमरग्यातला एक स्टुडिओ धरला. मालक भक्तिगीतं आणि निवडणुकीची प्रचारगीतं करणारे. मी ओरडले की ते काचेमागून हात हलवायचे. "मॅडम, आवाज फाटलालाय."

"फाटलाच पाहिजे."

"गळ्याला त्रास व्हईल ओ."

आठ दिवसांनी गाणं हातात आलं. तिथंच लावून ऐकलं. गिटारची घरघर त्यांनी पुसून टाकली होती. खाली ढोलकी घातली होती, मध्ये बासरी होती, आणि नेमक्या ‘खोदा’च्या आधी एक पुरुषी आवाज घुमत होता, त्यांच्या स्टुडिओचं नाव घेत. "आता कसं गोड झालंय," मालक म्हणाले. मित्रानं माझा दंड धरून मला बाहेर आणलं, नाहीतर तिथंच काहीतरी फोडलं असतं. शेवटी शेडमध्येच, पत्र्याला गोधड्या बांधून, आम्ही पुन्हा सगळं रेकॉर्ड केलं.

घरी ऐकवलं. वडील जन्मात कुणावर आवाज चढवून बोललेले नाहीत. पूर्ण ऐकून म्हणाले, "गाणं हाय का भांडण?" चुलत्यांचं दुसरंच. ते जयंतीच्या मिरवणुकीचं बघतात. "लावलं असतं ग, पण ह्याच्यावर पोरं नाचणार कशी? आणि महामानवाचं नाव कुठाय ह्यात?" मी म्हणाले, काका, हे खोलीचं गाणं आहे. "मग मिरवणुकीत कशाला लावायचं?" लावा म्हणून मी म्हणालेच नव्हते.

एका रविवारी गाणं यूट्यूबवर टाकलं. पहिले दोन दिवस आमच्या आमच्यातच. मग कुणीतरी कुठंतरी फिरवलं आणि फोन सुरू झाले. पहिला फोन एका ग्रामपंचायतीतून. "ताई, शेततळ्याच्या कार्यक्रमाला तुमचं गाणं लावावं म्हणतो. पाणी लागेपर्यंत खोदा, लई प्रेरणादायी हाय." मी त्यांना अर्थ समजावून सांगितला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "व्हय व्हय. पण आडनावाचं तेवढं कडवं सोडून लावलं तर?"

खाली प्रतिक्रिया येत होत्या: ‘ताई भारी, पण आडनाव काय?’ मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. एकानं अंदाज केला, दुसऱ्यानं खोडला, तिसरा म्हणाला, माकणीत अशी अमुक घरं आहेत. गाण्याखाली माझंच बोअर मारायला बसले होते सगळे.

त्यावर कडी म्हणजे एका बातमीवाल्यानं मथळा दिला, ‘ढोकीच्या युवकाचं वेगळं गाणं’. त्यात मी ‘सोबत एक गायिका’ होते. मित्र बिचारा खजील झाला. त्यानं व्हिडिओ काढून सांगितलं की शब्द हिचे, आवाज हिचा, राग बी हिचा, मी फक्त वाजवलं. झालं! लोकांनी त्याच्यावर फुलं उधळली. केवढं मोठं मन, असा पोरगा पाहिजे. मी त्याला फोन केला आणि वाटेल ते बोलले.

"मग म्या काय करायला पायजे हुतं?" तो वैतागून म्हणाला. "गप बसलो आस्तो तर तू म्हणली आस्ती गप बसला."

खरं होतं ते. त्यामुळं तर अजूनच चिडले. आम्ही पंधरा दिवस बोललो नाही. मग त्यानं एक नवी चाल पाठवली, वर एक शब्दही न लिहिता, आणि मी ती ऐकली.

खोली अजून मिळालेली नाही. काकूंचा भाचा काही आला नाही, पण वरच्या मजल्यावर आता दिवा दिसतो. एक बँकवाले राहायला आलेत.

मागच्या महिन्यात संध्याकाळी उमरग्याच्या स्टँडवर बसची वाट बघत होते. तेवढ्यात नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. "ताई, तुमचं गाणं आमच्या वर्गात लई चालतंय. पण दुसऱ्या कडव्यात एवढा गोंधळ हाय की शब्दच कळत न्हाईत. जरा सांगता का?"

हायवेवरून ट्रक जात होते. मी एका कानात बोट घालून, न ओरडता, नुसतं वाचल्यासारखं ते कडवं सांगितलं. बाई चहा ठेवते आणि विचारत जाते, ते कडवं. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो?"

"हाय की ताई," ती म्हणाली. "मी लिहून घ्यालते. ‘चहा ठिवला’ च्या फुडं काय म्हणलाव?"