नखाएवढा पेनड्राइव्ह

मंडळी, दोन दिवस माझा लॅपटॉप सुरू होताना लोगोवरच अडकत होता. आज नसरापूरला नेला. दुकानदार म्हणाले, "ताई, फॉरमॅट मारावं लागंल. आतलं काईच ऱ्हाणार न्हाई." वेल्ह्याची एसटी चुकेल म्हणून मी घाईत म्हणाले, "मारा."

त्यांनी हार्डडिस्क काढून कोरी केली, विंडोज नव्यानं भरलं. लॅपटॉप तरी अडकलेलाच! मग त्यांना बाजूला खुपसलेला नखाएवढा पेनड्राइव्ह दिसला. भाऊ ट्रॅक्टरसाठी गाणी भरून तो काढायचा विसरला होता. तो काढताच लॅपटॉप चालू.

शेजारच्या काकू भातलावणीला म्हणायच्या ती गाणी मी चार वर्षं रेकॉर्ड केली होती. सगळी त्याच लॅपटॉपमध्ये होती, घाईत आठवलंच नाही. काकू चैत्रात गेल्या.

भाऊ आत्ता अंगणात ट्रॅक्टर धुतोय, तोच पेनड्राइव्ह लावून. मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?