लंगड्या लूमची गल्ली

निजामपुऱ्यात जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या खाला नसत्या, तर मी भिवंडीत आठवडाभरही टिकलो नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या हुशारीचं वर्णन बरंच आहे आणि त्या गडबडीत खाला राहून जायच्या.

माझं गाव उदगीरच्या पलीकडे. सातवीत शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं. दोघांनाही फारसं वाईट वाटलं नाही. भिवंडीत लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, सुटे भाग विकणाऱ्या एका सेठकडे माल पोहोचवायचं काम होतं. पत्ता वाचता येतो का, असं सेठनं विचारलं. मी म्हणालो, पत्ता काय, नकाशासुद्धा वाचतो. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. घरी मी 'कंपनीत लागलो' असं कळवून बसलो होतो आणि आईनं ते निम्म्या गावाला सांगितलं होतं. आता परत जायचं म्हणजे त्या निम्म्या गावासमोरून जायचं.

सेठ खूश झाला आणि त्यानं खरोखरच गल्ल्याखालून नकाशा काढला. ठाणे जिल्ह्याचा. त्यात भिवंडी तिळाएवढी होती आणि आमची सगळी गिऱ्हाइकं त्या तिळात राहत होती. गणेशपुरीला मी डोळे झाकून पोहोचलो असतो, दिघाशीसुद्धा सापडली असती. तिथं कुणाला लूमचं चाक नको होतं, एवढीच अडचण.

"हफ्ताभर बघतो तुला," सेठ म्हणाला. "एक जरी माल परत आला ना, तर सीधा गावाला."

मग मी स्वतःच वहीत नकाशा काढला. गल्ल्यांना पाट्या नव्हत्या, शटरं सगळी एकसारखी, म्हणून तो कानानं काढला. लूम माडीवर असले की आवाज डोक्यावर पडतो, तळाला असले की चपलेतून वर येतो. तसं लिहून घेतलं: 'पायात आवाज, मग उजवीकडे.' एका कारखान्यात तर लंगडा लूम होता. ठक ठक ठक, मग अर्धा श्वास थांबून ठक. त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या. तेव्हा वीज तासन्‌तास जायची. गेली की मी असेन तिथंच उभा राहायचो, आली की पुढे निघायचो. कुणी विचारलं तर दम खातोय म्हणायचो. पहिले पाच दिवस एक माल चुकला नाही. छापील नकाशे काढणाऱ्यांची मला कीव यायला लागली.

मग शुक्रवार आला. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. बंद असतात म्हणून दुरुस्त्याही त्याच दिवशी होतात. सेठनं एक दातेरी चाक माझ्या हातात ठेवलं. परवा गेला होतास तोच कारखाना, म्हणाला. मिस्त्री नमाजाला निघायच्या आत पोहोचव.

परवा म्हणजे लंगडा. मी वही उघडून गल्लीत शिरलो आणि उभाच राहिलो. कुठंच काही वाजत नव्हतं. माझा नकाशा सुट्टीवर गेला होता.

लोक मात्र मदतीला तयार. एक म्हणाला, नाक की सीध में. दुसऱ्यानं हात असा फिरवला की त्यात चारही दिशा आल्या. कारखाना कुणाचा, असं तिसऱ्यानं विचारलं, तेव्हा लक्षात आलं की मालकाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या नकाशात माणसंच नव्हती.

चौथ्या फेरीला उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या खालांनी हटकलं. "बेटा, काय हरवलं?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली आणि परत दिली. "मला वाचता नाही येत. बोलून दाखव."

बोलून काय दाखवणार? मी बोटाच्या पेरांनी दाराची चौकट ठोकली. ठक ठक ठक, ठक.

"नाही. तो जास्त थांबतो," खाला म्हणाल्या आणि त्यांनी सुपावर बरोबर वाजवून दाखवलं. "वीस वर्षं माझ्या उशाशी आहे तो."

कारखाना त्यांच्याच भिंतीमागे होता, दार मागच्या गल्लीत. चप्पल घालून त्या माझ्यापुढे चालत आल्या. मिस्त्री हातपाय धुऊन निघालाच होता. त्यानं चाक घेतलं.

शनिवारी मी ऐटीत निघालो आणि लंगडा शोधत थेट नाल्यावर पोहोचलो. ते चाक त्याच लूमचं होतं. आता तो सरळ चालत होता. भिवंडीतली माझी एकुलती एक खूण मीच नेऊन दुरुस्त करून घेतली होती.

खालांकडे परत आलो तर त्यांचे डोळे तांबारलेले. "तुझ्या चाकानं झोप नाही दिली. मेला थांबतच नाही." मग त्यांनी मला पाच कारखान्यांची दारं फिरवलं, प्रत्येक दारात सलाम करायला लावला, मालकाचं नाव माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. नोकरी टिकली ती त्या पाच सलामांवर.

सेठचा नकाशा एकदा त्यांना दाखवला. माझं गाव कुठे, त्यांनी विचारलं. म्हटलं, ह्यात नाही.

"तुझं गाव नाही, माझी गल्ली नाही. मग आहे काय ह्यात?"

"गणेशपुरी," मी म्हणालो.

खालांना मी एकदा आमच्या गावी नेणार आहे. तिथं एकही लूम नाही, त्यामुळे त्यांना झोप लागेल का, ही काळजी आत्तापासूनच आहे. पण स्टँडवर उतरल्यावर पुढे मी चालेन आणि दारोदारी थांबून सांगेन की ह्या माझ्या खाला. आणि झोप नाहीच लागली, तर उशाशी बसून चौकट वाजवीन, मधे त्या म्हणतात तेवढं थांबून.