त्यांच्या अन्ननलिकेची काच

हे लिहायचं मी तीस वर्षं टाळलं. आता नजर मंदावली आहे, आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

खिडकीच्या उजेडात काच धरायची, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, "सायेब, समदे रांगेत हायत का?" ही त्यांची सवय. परभणीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो, ते मदतनीस. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे त्यांचं काम. मी एकदा त्यांना सूक्ष्मदर्शकातून निरोगी अन्ननलिका दाखवली. तळाशी बारीक, काळसर पेशी. वर जातील तशा चपट्या, शांत. "शाळंतल्या प्रार्थनेवानी उभ्या हायत की!" म्हणाले. तेव्हापासून तो प्रश्न.

नामांतराच्या दंग्यात गावातलं घर जळालं, म्हणून ते शहरात आलेले. माझ्याहून मोठे, तरी मी त्यांना 'अरे' म्हणे. तुमच्याही कचेरीत असं कुणी असेल. चहा आला की आम्ही बसून पीत असू. त्यांचा पेला वेगळा, खिडकीत. आमच्या कपबशा त्यांनीच विसळायच्या, म्हणून ते उकळता चहा उभ्यानेच घशाखाली लोटत.

"अरे, घसा आहे का चामडं?" मी विचारी.

"निवेपर्यंत थांबलो तर तुमचे कप कोण धुईल, सायेब?"

आम्ही हसायचो. तेही हसत.

पुढे त्यांना भाकरी अडकू लागली. "पाण्यासंगं ढकलायलोय," म्हणाले. बाहेरगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तुकडा काढला आणि तो तपासायला आमच्याकडेच आला. बाटलीवर फक्त नंबर. त्यांना तो पाठ होता. कुणाला हात लावू दिला नाही. आपल्याच अन्ननलिकेचे काप त्यांनी स्वतः काढले. इतके सुबक काप मी पुन्हा पाहिले नाहीत.

तळाच्या काळसर पेशी थराच्या निम्म्यापर्यंत वर चढल्या होत्या. कर्करोग अजून नव्हता. आमच्या डॉक्टरांनी मला बजावलं, "प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कोणती जागी, कोणती झोपलेली, ते बदलत जातं. वाढ आवरणारी गप्प होतात, वाढवणारी मोकाट सुटतात. गाठ दिसायच्या कितीतरी आधी हे सुरू होतं. हा वेळेत सापडलाय. याला औरंगाबादला पाठव. तंबाखू बंद, उकळता चहा बंद."

अहवाल इंग्रजीत असे. तो वाचून सांगायचं आणि बाहेरगावच्या डॉक्टरांना धाडायचं काम माझं.

टेबलावर महिनाभराचे तुकडे साचले होते. त्यांच्यासारखे काप काढणारं दुसरं कुणी नव्हतं. ते औरंगाबादला गेले असते तर सगळं माझ्या अंगावर पडणार होतं. दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "रांगेत हायत का, सायेब?" या वेळी हातात काच नव्हती.

"रांगेत आहेत," मी म्हणालो. "पित्त झालंय तुला."

काम उरकलं की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. ते उरकलं, तोवर नवं साचलं. डॉक्टरांची बदली झाली. अहवाल माझ्या खणातच राहिला.

दीड वर्षाने त्यांना पाणीही उतरेना. दुसऱ्या तुकड्याचे काप मी काढले, वेडेवाकडे, फाटके. त्यांत रांग अशी उरलीच नव्हती.

मग मी त्यांच्या घरी गेलो, पहिल्यांदाच. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं. ते भिंतीला टेकून बसलेले. आवाज पार बसलेला. माझ्याकडे बोट करून बायकोला म्हणाले, "ह्येच ते सायेब. सोता बघितलं व्हतं यांनी. तवा कायबी नव्हतं. आता एकाएकी झालं, त्याला कोण काय करणार? उगं कुणाला बोल लावू नको."

ते माझीच समजूत घालत होते. मला म्हणायचं होतं : तेव्हाच दिसलं होतं. मी लपवलं. माझं चुकलं.

"येतो," एवढंच म्हणालो.

त्यांची बायको दारापर्यंत आली आणि हात जोडून उभी राहिली. तिलाही सांगितलं नाही.