मैत्रिणीला सांगितलेली जपानी मालिका

बर्मिंगहॅमला येऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हाची गोष्ट. काम एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं, तेही बहुतेक घरूनच. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत तोंडाला कुलूप. एकदा शनिवारी दुकानात कुणीतरी काहीतरी विचारलं, तर माझा आवाजच फुटेना. घोगरं काहीतरी बाहेर पडलं. माझी मलाच भीती वाटली.

त्याच सुमारास ती जपानी मालिका हाती लागली. कॉलेजातले चौघं, दोन मुली आणि दोन मुलगे. त्यातल्या एकीचं एकावर प्रेम. तो रोज तिची सायकल ढकलत चढावरून वर नेतो, ती शेजारून चालते, आणि दोघं बोलतात काय, तर हवापाण्याबद्दल. निम्मी मालिका संपली तरी गाडी तिथेच. आपल्याकडे एव्हाना बारसं उरकलं असतं. पण चौघं एकत्र जेवायला बसले की मला पुण्याचं हॉस्टेल आठवायचं, म्हणून मी बघत राहिले.

हॉस्टेलवर रेक्टरबाई एका खोलीतल्या सगळ्या मुलींना एकदम सिनेमाला सोडायच्या नाहीत. जी जाईल तिने परत येऊन बाकीच्यांना अख्खा सिनेमा सांगायचा, गाण्यांसकट. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं, आणि ऐकायला सगळ्यांत पुढे माझी रूममेट. ती आता नागपूरला असते. तिला मालिकेबद्दल कळवलं तर म्हणाली, "मला कुठला वेळ बघायला? तूच सांग ना, पूर्वीसारखी."

झालं. दर शनिवारी दुपारी एक भाग बघायचा आणि मग कालव्याच्या काठाने चालत तिला व्हॉइस मेसेज पाठवायचा, चांगला मीठमसाला लावून. कुत्री फिरवणारी माणसं शेजारून जायची, आणि मी खुशाल हातवारे करत मराठीत बोलत सुटायचे. उत्तरादाखल ती एखादा हसरा चेहरा टाकायची. मला तेवढं पुरायचं. आठवड्यात मी मनापासून बोलायचे ते एवढंच. ते बंद झालं तर माझ्याजवळ काही उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकच भाग राहिला होता तेव्हा एका रविवारी मी तिला व्हिडिओ कॉल केला. फोन ओट्यावर टेकवून ती पोळ्या लाटत होती. मागून तिची मुलगी डोकावली. "मावशी, तुझी स्टोरी आई डबल स्पीडवर ऐकते, माहितीये? काय कार्टून वाटतेस तू!" आणि तिने माझी नक्कलही करून दाखवली.

"गप गं कार्टे," मैत्रीण म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

मी हसले. "बरोबर आहे तिचं, मी बडबडतेच फार." फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी आदळत घासली. राग आला होता, पण त्याहून वाईट वाटलं होतं. मी इथे एकेक प्रसंग रंगवून सांगत होते आणि तिकडे ती मला उरकत होती.

शनिवारी शेवटचा भाग बघितला. कॉलेज संपतं, चौघं स्टेशनवर पुन्हा भेटायचं ठरवतात, आणि पुढे कधीच भेटत नाहीत. प्रत्येकाचं शहर वेगळं, प्रत्येकाचं काम वेगळं, बस. सायकलवाल्याला ती शेवटपर्यंत काही सांगत नाही. मी हमसून रडले, आणि मेसेज मात्र पाठवला नाही. हवं असेल तर विचारेल. तिने विचारलं नाही. पुढचा शनिवारही तसाच गेला, तेव्हा मी तणतणत कालव्यावर गेले आणि लिहिलं, "मालिका संपली. कुणी कुणाला भेटलं नाही."

उत्तरात तिचा व्हॉइस मेसेज आला. पहिलाच. मी पुलाशी थांबून ऐकला.

"शहाणे, रागावलीस ना? मी वाटच बघत होते गं, पण विचारायला तोंड नव्हतं. साध्या स्पीडवर ऐकलं की तू इथे ओट्याशी बसून बोलतेयस असं वाटतं. मग ते संपतं. हे टूरवर, पोरगी क्लासला. घर खायला उठतं. म्हणून पळवते तुला."

मी तिथूनच फोन लावला. शेवटचा भाग पहिल्यापासून सांगितला, काहीही न गाळता. ती मधूनमधून हूं म्हणत होती. चौघं पुन्हा भेटत नाहीत, इथपर्यंत आले तेव्हा तिने मला थांबवलं.

"ते राहू दे. तू कधी येतेस?"

"बघते गं, सुट्टीचं कळवते," मी म्हणाले. गेल्या वर्षीही मी हेच म्हणाले होते, आणि ते आम्हा दोघींना आठवत होतं.