दोन मिस्ड कॉल

दोन हजार नऊच्या श्रावणात स्वाइन फ्लू आणि त्याच्या अफवा एकाच एसटीने पोलादपूरला उतरल्या. मी तिथल्या शाळेत दहावीला भूगोल शिकवायचे आणि राहायला महाडला, आमच्या मोहल्ल्यात. एका दुपारी वरून हुकूम आला, शाळा बंद. मुलांनी आधी उड्या मारल्या. मग मुली माझ्याभोवती जमल्या आणि एकीने विचारलं, "बाई, आपन मरनार काय?" टीव्हीवर दिवसभर तोंडाला फडकं बांधलेली माणसं दाखवत होते, पोरींनी तरी काय समजायचं?

माझा भाऊ तेव्हा कुवेतला होता. त्याचा चेहरा बघायला आई मला सायबर कॅफेत ओढत न्यायची आणि परतताना रस्ताभर हसत असायची. तसंच मुलांशी बोलावं, असं मला वाटलं. महाडातली चार-दोन पोरं कॅफेतून चॅटवर येऊही लागली. दोन ओळी भीतीच्या, बाकी सगळी माझी थट्टा. पण डोंगरातल्या वाड्यांवर कुठला आलाय कॅफे! त्यांचं ऑनलाइन म्हणजे मिस्ड कॉल. मी ठरवूनच दिलं होतं. संध्याकाळी एक मिस्ड कॉल म्हणजे मी बरी आहे. लागोपाठ दोन म्हणजे बाई, फोन करा. समुपदेशन वगैरे शब्द आमच्या शाळेत कुणाच्या तोंडी नव्हते. मला एकच प्रश्न विचारता यायचा, "जेवलीस का?" तिथून पोरं आपोआप बोलायला लागायची.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतली मुलगी रोज दोन द्यायची. तिचे वडील मुंबईत कॅन्टीनमध्ये कामाला. दरवर्षी गणपतीला यायचे, या वेळी आधीच आले, अंगात ताप घेऊन. मोबाइल त्यांचाच. वाडीत रेंज नव्हती, म्हणून ती वरच्या वळणावर दगडावर उभी राहून बोलायची. तिच्या आवाजापेक्षा छत्रीवरचा पाऊसच जास्त ऐकू यायचा.

"बाई, आमच्याकडं कुनी येत नाय. काकी पन नाय. पान्यावर गेले की बायका हांडे उचलून बाजूला होतात."

मला त्या बायकांचा असा संताप आला! मुंबईवाला आला की खाऊच्या पिशवीवर डोळा ठेवून ह्याच घराच्या ओटीवर ठाण मांडून बसणाऱ्या ह्या. पण माझा राग ऐकवून पोरीला काय मिळणार? काकी घाबरलीय, तुझ्यावर रुसलेली नाही, असं मी सांगायचे. मग तिच्याकडून कोकणातल्या नद्यांची नावं म्हणून घ्यायचे, सावित्रीपासून सुरुवात करून. नावं संपेपर्यंत तिचा श्वास जागेवर यायचा. "उद्या पन म्हनू, बाई," असं सांगून ती खाली उतरायची.

एका संध्याकाळी पुन्हा दोन मिस्ड कॉल आले. मी फोन लावला.

"बाई, बाबा गेले. सकाळीच नेलं."

ते कशाने गेले, हे पुढेही कुणी नीट सांगितलं नाही. खांद्याला जेमतेम चार माणसं मिळाली आणि तीही अग्नी दिल्यावर परस्पर घरी गेली. माझ्या तोंडातून सवयीने तोच प्रश्न गेला, "जेवलीस का?"



"नाय. कुनी आनलंच नाय."

माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठलं-भात घेऊन येतात, ते कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या मोहल्ल्यातही हीच रीत. आणि ती पोर, तिची आई आणि धाकटा भाऊ दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघत बसले होते.

"भाऊ भुकेनं रडतोय. आई बोलतच नाय. बाई, आमीच चूल पेटवली तर चालंल काय? पाप नाय ना लागनार?"

बाप गेला त्याच दिवशी एवढीशी पोर भात शिजवायची परवानगी मागत होती आणि तीही माझ्याकडे, परक्या धर्माच्या बाईकडे.

"पेटव," मी म्हटलं. "पाप लागलं तर मला लागू दे."

सकाळी पहिल्या एसटीने खिचडीचा मोठा डबा घेऊन निघाले आणि डोंगर चढून वाडीत पोचले. अंगणाशी येते तोच ती दारातून ओरडली, "बाई, तितंच थांबा! तुमाला होईल!"

मी डबा अंगणाभोवतीच्या गडग्याच्या दगडांवर ठेवून मागे सरले, तेव्हा कुठे ती पुढे आली. तोंडाला वडिलांचा रुमाल बांधलेला. डबा छातीशी धरून ती आत निघाली, उंबऱ्याशी थांबली आणि मागे वळली.

"बाई, तुमी जेवलात काय?"

मी हो म्हटलं.